रिसॉर्टच्या जेटीला बोट बांधण्याआधी या चुका टाळा

स्वतःची बोट घेऊन पाण्याकाठच्या रिसॉर्टवर जाणारे नागपूरकर अजून मोजकेच आहेत, पण सोमवारी सकाळी मला येणारे त्यांचे फोन मोजके नाहीत. सूर ठरलेला: "भाऊ, नुसती बोट बांधायचे एवढे पैसे असतात का?" असतात. फसवणूक झाली की नाही ते बिल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि बिल पाहिलं की बहुतेक वेळा दिसतं ते असं, की रिसॉर्टवाल्यानं आपला नियम लावला आणि बोटवाल्यानं नियम विचारलाच नव्हता. यानं विचारलं होतं, "किती घेता?" तिकडून उत्तर आलं, "चाळीस." याचं समाधान झालं, फोन ठेवला. कशाचे चाळीस, कुठून कुठपर्यंत मोजून, किती वाजल्यापासून, हे विचारायचं कुणी?

रूम घेतली म्हणजे जेटी आपलीच

हा समज सगळ्यात जुना. रूमच्या भाड्यात गाडीचं पार्किंग येतं, मग बोटीचं का नाही, असा युक्तिवाद असतो. पण तलावाकाठी मालक एकच असेल असं नाही. आपल्या भागातले बरेचसे मोठे तलाव सिंचनासाठी बांधलेले, म्हणजे पाणी जलसंपदा विभागाचं. मासेमारीचा ठेका एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. काठावरची इमारत रिसॉर्टची आणि जेटी, बोटी, लाइफ जॅकेटं वेगळ्याच कंत्राटदाराची, असंही असतं. रिसेप्शनवरच्या पोराला जेटीचा दर माहीत नसतो, तो "हो जाईल सर" म्हणतो, आणि तुम्ही ते "हो, फुकट" असं ऐकता.

त्यामुळे रूम बुक करताना जेटी कोण चालवतं ते विचारा आणि त्याच माणसाशी बोला. रिसेप्शनशी बोलून मिळालेली सूट जेटीवर चालेल या भरवशावर दोनशे किलोमीटर बोट ओढत नेऊ नका.

फूट कुठून कुठपर्यंत

माझ्या साडभाऊंची गोष्ट सांगतो, कारण त्यांच्या एका बिलात सगळ्या चुका ओळीनं बसल्या होत्या. त्यांनी फायबरची छोटी बोट घेतली, मागे आउटबोर्ड मोटर लावली आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या एका जलाशयाकाठच्या रिसॉर्टवर शनिवारी दुपारी दोनला पोचले. सोमवारी अकराला निघाले. दर चाळीस रुपये फूट, दिवसाचा. बोट कागदावर बारा फूट. त्यांचा हिशेब सरळ होता: बारा गुणिले चाळीस गुणिले दोन रात्री, नऊशे साठ रुपये. हातावर बिल पडलं ३,५९९ रुपयांचं.

जेटीवर बरीच बोलाचाली झाली. साडभाऊ तावातावात फोनवर म्हणाले, "हे तर दिवसाढवळ्या लुटून राहिले जी!" मी म्हटलं, आधी बिलाचा आणि पावतीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. पुढची बाजू सगळे वाचतात, नियम मागे छापलेले असतात.

मागे तीन ओळी होत्या. पहिली: लांबी म्हणजे बोटीची एकूण लांबी, पुढे-मागे बाहेर आलेल्या सगळ्या वस्तू धरून. दुसरी: अपुरा फूट पूर्ण धरला जाईल. तिसरी: दिवस म्हणजे तारीख. आता मोजा. बोटीचं अंग बारा फूट, पण जेटीला बांधताना मोटर वर उचललेली, ती मागे बाहेर येते. पुढे नाळेवर यांनी हौसेनं लोखंडी कडी आणि पायरी बसवून घेतलेली. टेप लावल्यावर चौदा फूट आणि वर काही इंच, म्हणजे पंधरा. शनिवार, रविवार, सोमवार, म्हणजे तीन तारखा. पंधरा गुणिले चाळीस गुणिले तीन, १,८०० रुपये. बोट उतारावरून पाण्यात सोडायला चारशे, परत वर ओढायला चारशे. ट्रेलर आवारात उभा ठेवल्याचे दिवसाला दीडशे, तीन दिवसांचे साडेचारशे. झाले ३,०५०. त्यावर अठरा टक्के जीएसटी ५४९. बेरीज बरोबर होती.

राग कितीही आला तरी लांबीच्या बाबतीत जेटीवाल्याचं मला पटतं. तो जागा विकतो आहे. तुमची मोटर जिथपर्यंत बाहेर आली, तिथे दुसरी बोट लागू शकत नाही. जगभर मोठ्या जेट्यांवर हीच पद्धत आहे. अमेरिकेत तर काही ठिकाणी जागेची किमान लांबी ठरलेली असते: बोट वीस फुटी आणली तरी तीस फुटांच्या खणाचे पैसे भरा. आपल्याकडे मला तरी अजून ते दिसलेलं नाही, यातच समाधान माना.

मात्र ट्रेलरचे पैसे दरपत्रकात कुठेच नव्हते. मी साडभाऊंना सांगितलं, लांबीवर भांडू नका, तारखांवरही भांडू नका, फक्त ट्रेलरचा दर कुठे लिहिला आहे ते दाखवा म्हणा. मॅनेजरनं दोन मिनिटांत ती ओळ खोडली. जीएसटी धरून ५३१ रुपये कमी झाले, उरलेले ३,०६८ भरून साडभाऊ परतले. सगळ्याच ओळींवर एकदम ओरडलं की खरी चुकीची ओळ सुटून जाते, हे त्यांना अजून पटलेलं नाही. ते अजून नऊशे साठलाच धरून बसलेत.

माझी स्वतःची सवय अशी. मोटर पूर्ण वर उचलून, बोट अंगणात असतानाच टेप लावतो. एक माणूस नाळेशी, एक मोटरच्या पंख्याशी. आकडा बोटीच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करनं लिहिलेला आहे. जेटीवाल्याला फोन केला की लांबी मीच सांगतो, मोटर धरून. मग व्हॉट्सअॅपवर विचारतो: दर फुटाला की बोटीला, दिवस चोवीस तासांचा की तारखेचा, उतारावरून सोडायचे वेगळे का, ट्रेलरचं काय, कर धरून की वरून. उत्तर लेखी आल्याशिवाय निघत नाही. "या ना सर, बघून घेऊ" असं उत्तर आलं तर त्या जागेवर काट मारतो. लोकांना हे किचकट वाटतं. ज्यांना एवढं टाइप करायचा कंटाळा येतो, त्यांनी बोट तरी कशाला घ्यावी?

आणि दिवस तारखेनं धरत असतील तर संध्याकाळी सातला बोट पाण्यात उतरवून पूर्ण दिवसाचे पैसे देऊ नका. रात्रभर ट्रेलरवर ठेवा, सकाळी उतरवा. अंधारात बोट उतरवण्याची घाई नवख्यांनाच असते, आणि त्यातच पाय घसरतात.

घाटाला बांधा, स्वस्तात होईल

जेटी महाग वाटली की कुणीतरी काठावरचा हुशार माणूस सांगतो, तिकडे घाटाच्या बाजूला खुंट्याला बांधा, शंभर रुपये द्या. नवा माणूस खूश. सकाळी पाहतो तर बोट चिखलात बसलेली.

आपल्याकडचे जलाशय पर्यटकांसाठी भरलेले नसतात. नवेगाव खैरी धरणाचं पाणी नागपूरच्या नळाला आणि कालव्याला जातं. त्याच्या वरच्या तोतलाडोह धरणाला १६० मेगावॅटचं वीजघर आहे. पाणी कधी सोडायचं ते सिंचन, वीज आणि महापालिका यांच्या गरजेनं ठरतं, तुमच्या शनिवार-रविवारनं नाही. मोठ्या धरणांवर तर हा फरक डोळे फिरवणारा असतो. खंडवा जिल्ह्यात नर्मदेवरच्या इंदिरा सागरची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर आणि किमान पातळी २४३.२३ मीटर. म्हणजे जवळजवळ एकोणीस मीटरची उभी चढउतार. ऑक्टोबरात जिथे बोट लावली, तिथे मे महिन्यात गुरं चरताना दिसली तर नवल नाही.

एका रात्रीत एवढं होत नाही, पण एवढं व्हायची गरजही नसते. काठ उथळ असेल, वीस फुटाला एक फूट असा उतार असेल, तर पातळी चार इंच खाली गेली की पाण्याची कड जवळजवळ सात फूट मागे सरकते. बारा फुटी बोटीचा अर्ध्याहून जास्त भाग कोरड्यावर. माझ्या ओळखीच्या दोन पोरांचं असंच झालं. बोट हलेना म्हणून त्यांनी मोटर चालू केली. पंखा चिखलात फिरला, मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेनं गाळ आत ओढला गेला आणि मोटर तापून बंद पडली. मग गावातल्या माणसांना बोलवून ओढून घेतली, त्यांचे पैसे, शिवाय मोटरची दुरुस्ती. एवढ्यात जेटीवर त्यांची बोट कितीतरी रात्री राहिली असती. मी विचारलं, रूम एवढी महागाची घेतली आणि बोटीला शंभराची जागा काऊन घेतली? उत्तर नाही.

रात्रीचा मुक्काम असेल तर तरंगती जेटीच घ्या. ती पाण्याबरोबर वर-खाली होते, दोर सैल-घट्ट करत बसावं लागत नाही. पक्क्या घाटालाच बांधायची वेळ आली तर बोट काठापासून दूर, खोलात नांगरावर ठेवा, काठाला फक्त एक लांब दोर आणा आणि झोपण्याआधी एकदा, पहाटे एकदा जाऊन बघा. एवढं होत नसेल तर बोट वर काढून ठेवा. अडकलेली बोट काढायला मोटर लावायची नाही. कधीच नाही.

थोडक्यात आटपण्यासारख्या चुका

चौकीदाराच्या हातात नोट ठेवून बोट लावणं. सकाळी त्याची पाळी संपते, नवा माणूस येतो, पावती नाही म्हणून पुन्हा पैसे. पावती न देणाऱ्याला पैसे देऊ नका, विषय संपला.

मोटरच्या बोटीला कागद लागत नाहीत असं समजणं. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नं १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला. यांत्रिक बोटीला सर्वेक्षण आणि नोंदणीची प्रमाणपत्रं लागतात. शहाणा जेटीवाला ती मागतो, आणि नसतील तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.

पेंचमध्ये स्वतःची बोट नेण्याची स्वप्नं पाहणं. तो व्याघ्र प्रकल्प आहे. कोलितमाऱ्याला वन विभागाच्या व्यवस्थेतली बोट सफारी आहे, तिच्यात बसा.

रात्री जाळ्यांवरून बोट घालणं. ढीवर लोकांनी संध्याकाळी जाळी टाकलेली असतात. पंख्यात जाळं अडकलं तर भरपाई तुम्हीच द्यायची, आणि ती द्यायलाच हवी. जेटीवर उतरल्याबरोबर जाळी कुठे आहेत ते विचारा. डोंगेवाले बरोबर सांगतात.

सर्व्हिस चार्जचा नियम जेटीवर फेकणं. ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल-रेस्टॉरंटनं बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, हे खरं. पण जेटीचं भाडं म्हणजे सर्व्हिस चार्ज नव्हे. अर्धवट वाचून भांडायला गेलेला माणूस समोरच्याला फार आवडतो, कारण त्याला हरवणं सोपं असतं. उलट, ऑनलाइन बुकिंग करताना शेवटच्या पानावर अचानक एखादा सक्तीचा आकार उगवला, तर ते २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्यांच्या, नियमावलीतल्या तेरा प्रकारांत बसतं. स्क्रीनशॉट ठेवा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. स्क्रीनशॉट नसेल तर फोन करण्याआधी जरा विचार करा.

मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या काका-काकूंसाठी एक. तिथे फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम १२ मे २०२५ पासून लागू आहे. मुक्कामाच्या जागांना सक्तीचे सगळे आकार धरूनच किंमत दाखवावी लागते. तरीही जेटीचे पैसे वेगळे निघतात, कारण बोट आणणं ऐच्छिक. वीजजोडणी वेगळी, उतार वेगळा. टाहो सरोवरासारख्या ठिकाणी तर बोट पाण्यात उतरवण्याआधी परक्या शिंपल्यांसाठी तपासणी सक्तीची आहे, २००८ पासून, आणि तिचंही शुल्क असतं. पोराला म्हणावं, घर बुक करताना हे सगळं आधी विचार.

निघताना दोर सोडला की लगेच गाडीकडे पळू नका. जेटीच्या रजिस्टरमध्ये बोट सोडल्याची वेळ लिहायला लावा, त्या पानाचा फोटो घ्या आणि अनामत रक्कम तिथेच मोजून घ्या. "खात्यात टाकतो सर" म्हणाले तर किती वाजेपर्यंत ते विचारा, आणि पैसे येईपर्यंत जेवण तिथेच करा.