मतांगीकार घरी कसा न्यावा

प्रेषितांचा मतांगीकार म्हणजे ख्रिस्ती माणूस काय मानतो हे कलमवार सांगणारे छोटे विधान. रविवारच्या उपासनेत तो उभे राहून म्हणायला जेमतेम एक मिनिट लागते, आणि बहुतेकांना तो लहानपणापासून तोंडपाठ असतो. अडचण नेमकी तीच आहे. नाशिकमधील एका मंडळीत मी काही वर्षांपासून दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या तयारीचा, वर्ग घेतो. तेथे येणाऱ्या मुलामुलींना मतांगीकाराचा अर्थ विचारला की ती पुन्हा मतांगीकारच म्हणून दाखवतात. त्यांच्यासाठी बसवलेली पद्धत येथे लिहीत आहे. नव्याने विश्वासात आलेल्यांना ती उपयोगी पडेल, आणि आपला ख्रिस्ती शेजारी नेमके काय मानतो हे समजून घेऊ पाहणाऱ्यालाही.

एक दोनशेपानी वही घ्यावी. डाव्या पानावर मतांगीकाराचे एकच कलम स्वतःच्या हाताने लिहावे आणि उजवे पान कोरे सोडावे. छापील कागद चिकटवू नये, कारण हाताने लिहिताना जो शब्द कळत नाही तेथे लेखणी थांबते, आणि ते थांबणेच आपल्याला हवे असते. त्यानंतर ते कलम प्रश्नाच्या रूपात वाचावे. ही माझी युक्ती नव्हे. हा मतांगीकार रोमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतून वाढत गेला. पाण्यात उतरलेल्या माणसाला ‘तू पित्यावर विश्वास ठेवतोस काय?’ असे विचारले जाई आणि तो ‘ठेवतो’ असे उत्तर देई. इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे जमलेल्या धर्मसभेने पुत्र, म्हणजे येशू, पित्यासारखाच देव आहे की नाही हा वाद मिटवण्यासाठी जो मतांगीकार ठरवला, आणि ज्याला ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडलेले विस्तृत रूप मिळाले, तो वेगळा. त्याची भाषा अधिक काटेकोर आहे. आपल्या वहीसाठी जुना, प्रश्नोत्तरांतून आलेला मतांगीकार बरा. प्रश्नाला ‘ठेवतो’ असे उत्तर दिल्यावर दुसरा प्रश्न आपला आपण विचारावा: मग या आठवड्यात तो विश्वास कोठे दिसला? उजव्या पानावर केवळ त्याचे उत्तर लिहावे. उत्तर नसेल तर तारीख घालून पान कोरे ठेवावे.

त्र्यैक्याचे कोडे सोडवूनच पुढे जाईन असा हट्ट धरू नये. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे, आणि तरीही पिता म्हणजे पुत्र नव्हे, एवढे पहिल्या पानावर पुरे. पाणी, बर्फ आणि वाफ हे वर्गात हमखास दिले जाणारे उदाहरण मी मुद्दाम टाळतो. एकच पाणी आळीपाळीने तीन रूपे घेते, असे त्यातून सूचित होते, आणि हेच मत मंडळीने फार पूर्वी चुकीचे ठरवले आहे.

देव जगाचा ‘उत्पन्नकर्ता’ आहे या कलमासाठी विश्रांतीच्या दिवसाचा विचार करावा, कारण जग उत्पन्न केल्यावर देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली, असे शास्त्र सांगते. जेवणापूर्वीची प्रार्थना बहुतेक घरांत होतच असते, त्यामुळे तिच्याविषयी येथे लिहीत नाही. दहा आज्ञांतील विश्रांतीची आज्ञा मात्र पूर्ण वाचावी. तिच्यात घरधन्याबरोबर त्याचे दास, दासी, गुरेढोरे आणि त्याच्याकडे राहणारा परका यांचीही नावे घेतली आहेत. आपण रविवारी ठेवणीतले कपडे घालून उपासनेला जातो आणि धुणेभांडी करणाऱ्या ताईंना त्याच दिवशी पाहुण्यांसाठी दोन वेळा बोलावतो, तेव्हा आज्ञा अर्धीच पाळली जाते. त्यांना आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी द्यावी, आणि तो दिवस त्यांनीच निवडावा.

येशूने पंतय पिलाताच्या अमलात दुःख सोसले, हे पुढचे कलम मला सर्वांत विलक्षण वाटते. येशूखेरीज मतांगीकारात दोनच माणसांची नावे येतात: त्याची आई मरिया, आणि पंतय पिलात. पिलात हा इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियावर नेमलेला रोमन सुभेदार होता. जगभरची माणसे दर रविवारी एका सरकारी अधिकाऱ्याचे नाव का घेतात? एक कारण असे की, वधस्तंभावरील मरण ही अमुक सुभेदाराच्या अमलात, अमुक गावाबाहेर घडलेली घटना होती, असे ख्रिस्ती माणसाचे म्हणणे आहे, आणि घटनेला काळवेळ लागते. दुसरे कारण पिलाताच्या वागण्यात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो समोरचा माणूस निर्दोष असल्याचे जाणतो, गर्दीला भितो, पाणी मागवतो आणि सर्वांसमोर हात धुऊन मोकळा होतो. नोकरी करणाऱ्याने या कलमासमोरचे पान कोरे सोडू नये. या आठवड्यात कोणता कागद आपण ‘वरून आदेश आहे’ म्हणत पुढे सरकवला, कोणाच्या तक्रारीवर ‘माझ्या अखत्यारीत नाही’ असा शेरा मारला, हे लिहावे. सोमवारी त्यातील एक कागद परत मागवून नीट वाचावा.

आता ‘पापांची क्षमा’. या कलमासाठी वहीची दहा-बारा पाने राखून ठेवावीत.

ख्रिस्ती शिकवणीचा गाभा येथे आहे: मनुष्य आपल्या पुण्याईने देवाशी समेट करू शकत नाही, तो समेट ख्रिस्ताने वधस्तंभावर केला, आणि तो कृपेने, म्हणजे फुकट, मिळतो. हे मान्य करणे सोपे असते, कारण त्यात घेणारे आपण असतो. प्रभूची प्रार्थना मात्र आपल्याला देणाऱ्यांच्या रांगेत उभे करते. मी लहानपणापासून जी प्रार्थना म्हणत आलो तिच्यात ‘ऋण’ हा शब्द आहे: आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तसे तू आमचे सोड. कॅथलिक बांधव तेथे ‘अपराध’ म्हणतात. तोही अर्थ खरा आहे, पण ‘ऋण’ शब्दाला हिशेबाची जी धार आहे ती ‘अपराध’ या शब्दाला नाही.

ही धार मला उशिरा लागली. निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे आणि ती धाकटा भाऊ पाहतो. एका हंगामात त्याने मला न विचारता सगळा माल एका व्यापाऱ्याला उधारीवर दिला, व्यापारी गाशा गुंडाळून गेला, आणि माझ्या वाट्याचे १ लाख ४० हजार रुपये बुडाले. सहा वर्षे मी भावाशी बोलत होतो, सणाला जात होतो, आणि प्रत्येक वेळी तो आकडा मनात घेऊन परत येत होतो. वर्गात मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखला शिकवताना, मुलांना मोठी रक्कम समजावी म्हणून मी फळ्यावर हिशेब मांडला. राजाने ज्या दासाला कर्ज सोडले त्याचे देणे दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. तोच दास बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा गळा धरतो तो शंभर दिनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी. मागच्या बाकावरील एका मुलीने लगेच विचारले, “सर, पण शंभर दिवसांची मजुरी काही कमी नसते ना?” तिचे वडील बागेत मजुरीला जातात. तिचे म्हणणे बरोबर होते, आणि दाखल्याचे बळही त्यातच आहे: सोडायची रक्कम क्षुल्लक आहे असे येशू कोठेही म्हणत नाही.

म्हणून क्षमेचे पान असे लिहावे. प्रथम नुकसान आकड्यात किंवा नेमक्या शब्दांत मांडावे. ‘जाऊ दे, काही नाही’ असे लिहू नये, कारण काही नसेल तर सोडायचे काय? नंतर आपण ते ऋण वसूल करणार आहोत की सोडणार आहोत, हे ठरवावे. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. न मागता आणि न सोडता मनात व्याज लावत राहणे हा मात्र प्रामाणिक मार्ग नव्हे. सोडायचे ठरल्यास त्या माणसाला एकदाच, साध्या शब्दांत, चारचौघांत नव्हे तर एकांतात सांगावे, आणि त्याच्याकडून कबुलीची किंवा आभाराची अपेक्षा ठेवू नये. मी भावाला बागेच्या बांधावर सांगितले. तो म्हणाला, “बरं,” आणि फवारणीचा पंप सुरू करायला निघून गेला. महिनाभर मला त्या ‘बरं’चा राग येत होता, आणि तेही वहीत लिहावे लागले.

एक मर्यादा येथे स्पष्ट केली पाहिजे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला क्षमा किती वेळा करावी याविषयीचे ‘सातांच्या सत्तर वेळा’ हे येशूचे वचन ऐकवून त्याच घरी परत पाठवणे ही क्षमेची शिकवण नव्हे, तो पिलाताचा हात धुण्याचा प्रकार आहे. तिला आधी सुरक्षित ठिकाणी न्यावे आणि पोलिसांत तक्रार करायची असल्यास सोबत जावे. मनातून वैर काढणे आणि गुन्ह्याची दाद मागणे या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात.

‘पवित्र जनांची सहभागिता’ या कलमासाठी नाशिककराला दूर जावे लागत नाही. शरणपूर ही वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे आपल्याकडील मुलांबरोबर शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि पुढील वर्षी लंडनमधील अंत्यविधीच्या वेळी शवपेटीला त्याने खांदा दिला. शरणपूर रोडवरून रोज दुचाकी हाकणाऱ्या आमच्या मुलांना हे नाव ‘शरण’ या शब्दावरून आले हे सांगावे लागते. आता वहीसाठी प्रश्न: आपल्या घरी लग्न जुळवताना समोरच्या ख्रिस्ती कुटुंबाचे मूळ गाव आणि आडनाव का विचारले जाते? सगळ्यांना ठाऊक आहे की जात काढण्यासाठी. ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे पौलाचे वचन आपण भिंतीवर लावतो आणि बैठकीत विसरतो. हे पान बहुतेकांचे कोरे राहते. माझेही बराच काळ होते.

याच कलमाखाली घरातील मतभेदही येतात. वही दुसऱ्यावर लादू नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांनी ते पाऊल काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने उचलले. पतीला किंवा मुलाला आपल्या वेगाने ओढणाऱ्यांनी ती वर्षे ध्यानात ठेवावीत.

शेवटचे मोठे कलम देहाच्या पुनरुत्थानाचे. ख्रिस्ती आशा केवळ आत्मा सुटून जाण्याची नाही, देहही उठवला जाईल अशी आहे, आणि म्हणून देहाची सेवा हलकी ठरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची पाठ कोमट पाण्याने पुसणे, दर दोन तासांनी कूस बदलून देणे, हे या पानावर लिहिण्याजोगे काम आहे. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, पौर्णिमेशी बांधलेला असल्याने तारीख बदलते: २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही. त्याआधी, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, आणि वही सुरू करायला त्याचा पहिला दिवस, म्हणजे राखेचा बुधवार, सोयीचा आहे. आमच्याकडे त्याच सुमारास बागा रिकाम्या होऊ लागतात आणि मग खरड छाटणी येते, त्यामुळे योहानाच्या पंधराव्या अध्यायातील फाटे छाटणारा माळी येथील मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

सणाच्या आदल्या दिवशी दफनभूमीत जाऊन घरच्या कबरी स्वच्छ कराव्यात. झाडू, खुरपे, बादली आणि दोन ब्रश पुरतात. गेल्या वर्षी भाऊ निफाडहून आला आणि वडिलांच्या कबरीची एक बाजू त्याने रंगवली, दुसरी मी. पैशांचा विषय निघाला नाही. चुना मात्र शुक्रवारी रात्रीच भिजवून ठेवावा, सकाळी घाईने कालवलेला नीट बसत नाही आणि पहिल्या पावसात निघून जातो.