काटकोनातले वेग रिलेटिव्हिटीत कसे मिळवायचे

एकाच रेषेतल्या वेगांचा फॉर्म्युला बहुतेकांना पाठ असतो, पण दिशा बदलली की लोक सरळ पायथागोरस लावून मोकळे होतात. समजा एक यान पृथ्वीवरून बघता एक्स दिशेला ०.६ सी ने (सी म्हणजे प्रकाशाचा वेग) चाललंय आणि आतल्या बाईने तिच्या हिशोबाने बरोबर काटकोनात, वाय दिशेला, ०.८ सी ने एक इलेक्ट्रॉन सोडला. पायथागोरसने उत्तर येतं चक्क १ सी, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने पळतोय, जे शक्यच नाही.

तर करायचं असं. इलेक्ट्रॉनच्या यानातल्या वेगाचे दोन तुकडे पाडा, यानाच्या दिशेतला आणि आडवा. मग एकदाच भाजक काढून ठेवा: १ अधिक (दिशेतला तुकडा गुणिले यानाचा वेग, भागिले सी वर्ग). दिशेतल्या तुकड्यात यानाचा वेग मिळवून या भाजकाने भागायचं, आणि आडव्या तुकड्याला हाच भाजक लावून वर गॅमानेपण भागायचं. गॅमा म्हणजे घड्याळं किती पटीने मंदावतात तो आकडा: १ वजा (वेग वर्ग भागिले सी वर्ग), त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १ ला त्याने भागायचं. हा गॅमा यानाचा बरं का, इलेक्ट्रॉनचा नाही, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. आडवं अंतर दोघांनाही सारखंच दिसतं, पण घड्याळं जुळत नाहीत, म्हणून आडवा वेगही बदलतो.

आता आकडे घाला. दिशेतला तुकडा शून्य, म्हणून भाजक १. ०.६ सी चा गॅमा १.२५. एक्स वेग ०.६ सी, वाय वेग ०.८ भागिले १.२५ म्हणजे ०.६४ सी, आणि पायथागोरस लावायचा तो आत्ता: साधारण ०.८७७ सी.

ताळा करायचा असेल तर इलेक्ट्रॉनऐवजी प्रकाश सोडा, वाय वेग ०.८ सी येतो आणि एकूण बरोब्बर १ सी.

आता क्रम उलटा करून बघा, यान वाय दिशेला ०.८ सी ने आणि इलेक्ट्रॉन आतून एक्स दिशेला ०.६ सी ने. एकूण वेग तोच ०.८७७ सी, पण एक्स अक्षाशी कोन मगाशी सुमारे ४७ अंश होता तो आता ६६ होतो! म्हणजे इथे कोण कोणात मिळवतोय हे सांगावंच लागतं, आणि मधला हा १९ अंशांचा फरक म्हणजे विग्नर रोटेशन (वेगळ्या दिशांचे वेग मिळवताना अक्षांना बसणारा पीळ), ज्याच्यामुळे येणारं थॉमस प्रिसेशन (वळत जाणाऱ्या कणाच्या स्पिनचा, म्हणजे अंगच्या फिरकीचा, अक्ष हळूहळू फिरत राहणं) १९२६ साली अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या गणितात निम्म्याचा फरक पाडून गेलं.