संरक्षित किनाऱ्याचा पुनर्विकास आराखडा कसा तयार करावा

राष्ट्रीय उद्यान असो वा अभयारण्य, त्याच्या हद्दीतील किनाऱ्याचा आराखडा करताना पहिला नकाशा पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, आणि पाण्याचा काढावा, इमारतींचा नंतर. कोकणात याचे उत्तम उदाहरण मालवण होय. १९८७ साली घोषित झालेल्या तेथील सागरी अभयारण्यात प्रवाळ, सिंधुदुर्ग किल्ला, मच्छीमार आणि पर्यटक या साऱ्यांचा भार एकाच उथळ पाण्यावर पडतो.

पाहणी जानेवारीत एकदा आणि भर पावसाळ्यात, उधाणाच्या भरतीला, दुसऱ्यांदा करावी. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि पुढे ती हळूहळू परतते. त्यामुळे हिवाळ्यातील रुंद किनारा पाहून आखलेली पायवाट आषाढात पाण्याखाली जाते. दगडी बंधाऱ्याची मागणी हटकून येईल, पण त्याच्या पायथ्याची वाळू उपसली जाते आणि धूप बंधारा संपतो तेथे सरकते, हे ध्यानात घेऊन वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल व केवड्याची रांग राखणे अधिक शहाणपणाचे ठरते.

रापणकरांशी, म्हणजे रापण हे मोठे जाळे ओढून मासे धरणाऱ्यांशी, चर्चा सल्लागार नेमण्यापूर्वीच व्हावी. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात, त्यामुळे त्यांना मोकळी सलग वाळू लागते. तेथे सुशोभीकरणाचे दोन सिमेंटचे बाक बसवले की ती जागा रापणीच्या कामाची राहत नाही. (सुशोभीकरण या नावाखाली कोकणात बरेच काही खपून जाते.)

कायद्याच्या रेषा त्यानंतर चढवाव्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि २०१९ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना एकत्र वाचाव्यात: राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये सर्वाधिक संवेदनशील वर्गात येतात, तर लगतच्या ग्रामीण किनाऱ्यावर, दाट वस्ती नसल्यास, भरती रेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते. प्रादेशिक सागरी पाण्यात अभयारण्य घोषित करताना स्थानिक मच्छीमारांचे व्यावसायिक हित जपण्याची तरतूदही अधिनियमात आहे. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

खाण्याच्या टपऱ्या पावसाळ्यापूर्वी उचलता येतील अशाच असाव्यात, वाहनतळ गावामागे न्यावा. कासवे अंडी घालतात तेथे दिव्यांचा प्रकाश समुद्राकडे जाऊ देऊ नये, कारण पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात. प्रवाळाजवळ होड्यांनी नांगर टाकण्याऐवजी कायमस्वरूपी बोयांना दोर बांधावेत.

सर्वाधिक दुर्लक्ष सांडपाण्याकडे होते. जांभ्या दगडाच्या सच्छिद्र जमिनीत पाणी सहज मुरते. त्यामुळे शोषखड्ड्यात सोडलेले स्वच्छतागृहाचे पाणी शेजारच्या विहिरीत आणि पुढे समुद्रात पोहोचू शकते. म्हणून शुद्धीकरणाची सोय, तिच्या देखभालीचा वार्षिक खर्च आणि तो कोण देणार याचा लेखी ठराव हाती आल्याशिवाय एकाही नव्या खोलीला आराखड्यात जागा देऊ नये.