सिलिंडरवर बर्फ धरला म्हणजे गॅस संपला नव्हे: थंडीतल्या जेवणावळीसाठी आच कशी टिकवायची

शंभर लिटर रश्श्याचा टोप उकळीला येत असतो आणि नेमकी तेव्हाच भट्टीची आच बसायला लागते. सिलिंडरला हात लावावा तर खालच्या भागाला घाम सुटलेला असतो, थोड्या वेळाने तिथं पांढरा थर दिसतो. मग कुणी सिलिंडर आडवा करतं, कुणी त्यावर उकळतं पाणी ओततं, तर कुणी 'संपला' म्हणून बदलून टाकतं आणि तीन-चार किलो गॅस तसाच परत जातो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी जिवावर बेततात, तिसरी खिशावर.

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरतो. पन्हाळ्यावर, किंवा दत्तजयंतीला नरसोबावाडीत नदीकाठी, गारठा त्याहून जाणवतो. लग्नसराई आणि महाप्रसादाचा स्वयंपाक याच वेळी, याच थंडीत सुरू होतो. पण एवढ्याशा थंडीने गॅस गोठत नाही. सिलिंडर गार होतो तो आपण त्यातून गॅस ओढतो म्हणून.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. भट्टीला जाते ती त्याची वाफ. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता तो स्वतःतून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमाने. एक किलो एलपीजीची वाफ व्हायला साधारण ३७० किलोज्यूल उष्णता लागते. बाहेरच्या हवेतून ही उष्णता हळूहळू भरून निघते, पण भट्टी तेवढी वाट बघत नाही.

आता हिशेब करू. १९ किलोच्या भरलेल्या सिलिंडरमधून तासाला २ किलो गॅस ओढला आणि बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही असं धरलं, तर तो तासाला सुमारे १४ अंशांनी गार होतो. त्याच सिलिंडरमध्ये ५ किलोच गॅस उरला असेल तर त्याच ओढीला तो तासाला ३५ अंशांच्या आसपास उतरेल. द्रव कमी म्हणजे साठलेली उष्णता कमी, आणि द्रवाला टेकलेला पत्राही कमी, म्हणजे हवेतून येणारी उष्णताही कमी. प्रत्यक्षात हवा थोडीफार भरपाई करते म्हणून आकडे इतके टोकाचे येत नाहीत. पण शेवटच्या पाव भागातच सिलिंडर दगा का देतो याचं उत्तर यात आहे.

दुसरं कारण मिश्रणाचं. आपल्याकडचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. गोठलेल्या तळ्यावर तंबू टाकून मासे धरणारे लोक हीटरला प्रोपेनच वापरतात ते यामुळेच. उणे २० अंशांत ब्युटेनचा सिलिंडर नुसता द्रवाचा डबा होऊन बसेल. आपल्या सिलिंडरमधून आधी प्रोपेन जास्त निघून जातो आणि तळाला ब्युटेनचं प्रमाण वाढतं. शून्य अंशाला ब्युटेनचा दाब हवेच्या दाबाइतकाच असतो, म्हणजे भट्टीकडे जायला जोर जवळजवळ उरत नाही. पत्र्यावर बर्फ आणि आत उरलेला ब्युटेन, हे दोन्ही एकत्र आले की आच बसते.

आधी दोष ओळखा

आच बसली की सिलिंडर बदलण्याआधी त्याच्या अंगावरून हात फिरवा. घामाची किंवा बर्फाची रेघ जिथं संपते, तिथपर्यंत द्रव आहे. रेघ असेल तर गॅस आहे, फक्त गार पडलाय. सिलिंडर कोरडा, हाताला कोमट आणि आच तरीही मंद, तर दोष रेग्युलेटर, पाइप किंवा जेटमध्ये (भट्टीत गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात) शोधा. जेटमध्ये राख-तेलाचा कण अडकला असेल तर त्याच मापाच्या सुईने काढा. तार खुपसून भोक मोठं केलं तर आच पिवळी होते, टोपाचं बूड काळं होतं आणि गॅस जास्त जळतो.

खात्री वजनानेच होते. सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं. काट्यावर ठेवून ते वजा करा, राहील तो गॅस. मोठी कामं घेणाऱ्या प्रत्येक केटररच्या टेम्पोत ५० किलोचा काटा असावा. एका हंगामात वाचलेल्या गॅसातून त्याचे पैसे सुटतात. त्याच पट्टीवर ए, बी, सी, डी यापैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ती चाचणीची मुदत. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. मुदत उलटलेला सिलिंडर उतरवूनच घेऊ नका.

शक्य असेल तर रेग्युलेटरच्या आधी दाबाचा काटा बसवून घ्या. सुरुवातीचा आकडा खडूने लिहून ठेवा. आकडा हळूहळू उतरत गेला तर सिलिंडर गार होतोय. आकडा न उतरता आच बसली तर पाइप दबलाय किंवा रेग्युलेटर अडकलाय.

सिलिंडर किती लागतील

खरा इलाज गरम करण्यात नाही, ओढ वाटून देण्यात आहे. १९ किलोचा एक सिलिंडर आपल्या थंडीत सलग चालवला तर ढोबळमानाने तासाला ०.७ किलोपर्यंत गॅस न कुरकुरता देतो. भरलेला असेल आणि काम दोन तासांचंच असेल तर एक किलोपर्यंत ताणता येतो.

भट्टी किती ओढते? १०० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे ३० मेगाज्यूल उष्णता टोपात जावी लागते. उघड्यावरच्या भट्टीची निम्म्याहून जास्त उष्णता बाजूने निघून जाते. ४० टक्के कामी येते असं धरलं तर १.७ किलो गॅस लागतो. हे तासाभरात हवं असेल तर एका भट्टीची ओढ तासाला १.७ किलो, म्हणजे एका टोपाला दोन सिलिंडर. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि भात अशा तीन भट्ट्या एकदम पेटवायच्या तर ओढ पाच किलोंच्या वर जाते आणि सहा-सात सिलिंडर लागतात.

इथं कायदा आडवा येतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय एका ठिकाणी १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो, सहावा आला की मर्यादा ओलांडली. म्हणून पाचांत बसवायचं आणि भट्ट्या एकदम न पेटवता पुढे-मागे पेटवायच्या. पांढऱ्यासाठी मटणाचं अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) आधी शिजवून घ्या, ते उतरलं की तांबडा चढवा, भात शेवटी. आचारी नाराज होतात, पण अर्धा तास आधी उठलं तर कुणाचं जेवण लांबत नाही. टोपावर झाकण आणि वाऱ्याच्या बाजूला पत्रा लावला तरी ओढ बरीच कमी होते. पत्रा खालून वीतभर उघडा ठेवा, भट्टीला हवा लागते. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर मात्र या कामाला लावायचे नाहीत. ते फक्त घरच्या वापरासाठी असतात.

भरलेले आणि अर्धे सिलिंडर कुठं लावायचे यात सगळ्यात जास्त फायदा आहे आणि त्याकडेच लक्ष कमी जातं. उकळी आणायला सगळ्यात जास्त ओढ लागते, तिथं भरलेले लावा. मंद आचेवर रस्सा मुरवायला, भात वाफवायला किंवा चहाला अर्धे-पाव भरलेले पुरतात. बऱ्याच ठिकाणी 'आधी जुना संपवू' म्हणून पाव भरलेला सिलिंडर उकळीला लावतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत धावपळ सुरू होते.

जोडणी

दोन किंवा जास्त सिलिंडर एकत्र जोडायचे तर मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्यांचा गॅस एका पाइपात आणणारी जोडणी लागते, आणि प्रत्येक सिलिंडरच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस उलटा जाऊ न देणारी झडप लागतेच. ती नसेल तर कोमट सिलिंडरमधला गॅस गार सिलिंडरमध्ये जाऊन पुन्हा द्रव होतो. असा सिलिंडर प्रमाणाबाहेर भरू शकतो आणि उन्हात आला की धोका होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत काय हवं ते बनवून मिळतं, आणि ते लोक कामाला पक्के आहेत. पण गॅसचा मॅनिफोल्ड आपल्या मापाने वेल्डिंग करून घेण्याची वस्तू नव्हे. दाबाची चाचणी झालेला, गॅस एजन्सीला मान्य असलेलाच घ्या. हाय प्रेशर रेग्युलेटर आणि नळी आयएसआय मार्कची हवी. घरच्या शेगडीची नळी या दाबाला चालत नाही.

रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडात डोकावून रबरी रिंग बघा. गारठ्यात रबर कडक होतं, चिरलेली रिंग उन्हाळ्यात धरते आणि थंडीत गळते. जोडणी झाली की प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. काडी पेटवून गळती बघायची नाही.

सिलिंडर भट्टीपासून किमान तीन मीटर लांब, उभे, सपाट जमिनीवर आणि एकमेकांत वीतभर अंतर ठेवून मांडा. हवा सगळीकडून फिरली पाहिजे. ऊब मिळावी म्हणून गोणपाट किंवा घोंगडं गुंडाळणं चुकीचं आहे. सिलिंडरला उष्णता बाहेरच्या हवेतूनच मिळते, गोणपाटाने तीच अडते. बर्फाचा थरही तेच करतो, म्हणून तो धरला की कोरड्या फडक्याने पुसत राहा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साठतो. त्यामुळे कार्यालयाच्या तळघरात, गटाराशेजारी किंवा खड्ड्यात सिलिंडर मांडू नयेत.

आदल्या रात्री सिलिंडर उघड्यावर दवात ठेवू नका. हवेशीर, आग नसलेल्या शेडमध्ये ठेवा. १२ अंशांऐवजी २० अंशांनी सुरुवात झाली, तर भरलेल्या सिलिंडरमधल्या त्या आठ अंशांच्या उबेत किलोभराहून थोड्या जास्त गॅसची वाफ होते.

बर्फ धरलाच तर

पहिली गोष्ट, ओढ कमी करा. एक भट्टी बारीक करा किंवा दुसरा सिलिंडर सुरू करा. उतरवलेला सिलिंडर तास-दोन तास बाजूला उभा राहू द्या, तो आपोआप सावरतो. दोन सिलिंडरांची जोडी असेल तर आच बसायची वाट न बघता पाऊण तासाने आलटून-पालटून लावा.

दुसरं, साधं पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी थंडीतही कोमट लागतं. पसरट घमेल्यात सिलिंडर उभा करून वीतभर उंचीपर्यंत हे पाणी घाला. हवेपेक्षा पाणी कितीतरी भराभर उष्णता देतं. २० लिटर पाणी नऊ अंशांनी गार झालं की दोन किलो गॅसची वाफ होण्याइतकी उष्णता देऊन जातं. पाणी गार पडलं की बदला. व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर कोरडे राहिले पाहिजेत. पाणी हाताला कोमट लागेल इतकंच, त्यापुढे नाही.

उकळतं पाणी, निखारे, ब्लो टॉर्च किंवा खाली पेटवलेली काटकी, यातलं काहीही कधीही नको. सिलिंडर द्रवाने काठोकाठ भरत नाहीत, वर जागा सोडतात, कारण गरम झाला की द्रव फुगतो. ती जागा भरली की दाब झपाट्याने वाढतो आणि पत्रा फाटतो.

आडवा किंवा उलटा करणंही तितकंच वाईट. मग वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. द्रवाची वाफ झाली की तिला सुमारे अडीचशे पट जागा लागते. आच एकदम हातभर उसळते, रेग्युलेटरचा पडदा खराब होतो आणि तळाचा तेलकट गाळ जेटमध्ये येऊन बसतो. 'आडवा केला की चालतो' हे दिसतं खरं, पण तेव्हा भट्टी द्रवावर चाललेली असते. रेग्युलेटरवरच बर्फ धरला असेल तर सिलिंडर कलंडलाय का, ओढ फार झालीय का ते बघा. नॉब बंद करून साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर ठेवा. पान्याने ठोकू नका.

काम आटोपल्यावर आधी सिलिंडरचा नॉब बंद करा, पाइपातला गॅस जळून आच विझू द्या, मग भट्टीचा कॉक बंद करा. रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर टोपी लावा. सिलिंडरवरचा घाम सुकला की वजन करा, उरलेले किलो खडूने अंगावर लिहा आणि तीन किलोंहून जास्त असेल तो सिलिंडर पुढच्या कामाच्या चहाच्या भट्टीसाठी वेगळा ठेवा.