दयाळाच्या पेटीतले लाल माइट: उकळत्या पाण्याचा उपाय

मालवणात परसातल्या फणसावर दयाळ पक्ष्याला घरट्यासाठी लाकडी पेटी टांगलीय. पिल्लं असताना भोकाच्या कडेला बारीक ठिपके वळवळताना दिसले: लाल माइट, म्हणजे पक्ष्यांचं रक्त पिणारे गोचिडासारखे बारीक जीव. रात्री पांढरा कपडा फिरवला, तर त्यावर रक्ताचे डाग.

आधी दोन वर्षं रिकाम्या पेटीला कडुलिंबाचं तेल लावलं, उन्हं दिली. पुढच्या विणीला पुन्हा तेच. जीव मेटाकुटीला आला. हे माइट दिवसा सांध्यांच्या फटीत दडतात, उपाशी कित्येक महिने तगतात. वरवरचं तेल तिथवर पोचतच नाही.

यंदा पिल्लं उडून गेल्यावर चार दिवस थांबलो (पिल्लं आत असताना काहीही फवारू नका). हातमोजे घालून जुनं घरटं थेट चुलीत घातलं. तळाची फळी खोलली, फटी सुरीनं खरवडल्या, प्रत्येक सांध्यावर खदखदतं पाणी ओतलं. आठवड्यानं, उरल्यासुरल्यांसाठी, पुन्हा ओतलं. मग दोन दिवस कडक ऊन.

रात्री परत कपडा फिरवला. कोरा निघाला.