सँड बिनच्या मॉइश्चर सेन्सरचं टायमिंग कसं लावायचं

आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर सँड बिनच्या, म्हणजे वाळूच्या साठवण टाकीच्या, गेटजवळ वाळूतला ओलावा मोजणारा जो मायक्रोवेव्ह मॉइश्चर सेन्सर असतो, त्याचं कॅलिब्रेशन (आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवणं) सगळे करतात, पण टायमिंगची सेटिंग बहुतेक ठिकाणी कंपनीतून आली तशीच पडून असते. मग स्लम्प (काँक्रीट किती पातळ त्याचं माप) वरखाली झाला की सेन्सरच बाद आहे म्हणून मोकळे. फरक किती पडतो ते बघा, एका क्युबिक मीटरला 800 किलो क्रश सँड धरली आणि ओलावा 1 टक्का चुकला तर 8 लिटर पाण्याचा घोळ, 350 किलो सिमेंटच्या मिक्समध्ये वॉटर-सिमेंट रेशो 0.02 ने हलला.

आधी स्मूदिंग टाइम, म्हणजे किती सेकंदांची रीडिंग मिसळून आकडा दाखवायचा तो वेळ, काही सेन्सरवर याला फिल्टर टाइम म्हणतात. आकडा नाचतो म्हणून लोक हा वाढवत नेतात, 10 सेकंद, 15 सेकंद, स्क्रीन कशी शांत दिसते. पण तुमचं गेट एका बॅचला जेमतेम 6 सेकंद उघडं राहत असेल तर 10 सेकंदाचा फिल्टर खऱ्या आकड्यापर्यंत पोचायच्या आत गेट बंद, म्हणजे तुम्ही निम्मा आकडा मागच्या बॅचचाच वाचताय. बिनसाठी 1 ते 2.5 सेकंदापासून सुरुवात करा. तपासायचं असेल तर बिन रिकामा असताना, प्लांट बंद करून आणि गेट चालवणारी दाबाची हवा तोडून (हे आधी, बाकी सगळं नंतर) सेन्सरच्या सिरॅमिक तोंडावर तळहात दाबून ठेवा, रीडिंग चढायला लागतं, ते स्थिर व्हायला किती वेळ लागतो तो मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. हा वेळ गेट उघडं राहण्याच्या वेळेच्या निम्म्यापेक्षा जास्त आला तर फिल्टर कमी करा. आणि हो, पीएलसीत (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) कोणी वेगळा फिल्टर टाकून ठेवलाय का तेही बघा, दोन्हीकडे फिल्टर असला की तुम्ही सेन्सरवर कितीही खटपट करा, काही फरक दिसणार नाही.

आता खरी गंमत ॲव्हरेज-होल्डची. सेन्सरच्या डिजिटल इनपुटला गेट उघडल्याचा 24 व्होल्टचा सिग्नल द्यायचा, गेट उघडलं की ॲव्हरेज नव्याने सुरू, बंद झालं की आकडा तिथेच धरून ठेवायचा आणि मिक्सच्या पाण्यातून वाळूतल्या पाण्याची वजावट त्याच आकड्यावर करायची. पण गेट उघडल्या उघडल्या सेन्सरसमोर जी वाळू असते ती मघापासून तिथेच दाबून बसलेली असते, ती धरायची नाही, म्हणून स्टार्ट डिले द्यायचा, साधारण अर्धा सेकंद. सिलेंडर सुस्त असेल, व्हॉल्व्हला सिग्नल गेल्यावर गेट सरकायलाच वेळ लागत असेल तर 1 सेकंद. अंदाजाने टाकू नका, एकाने पॅनलवरचा दिवा बघायचा, एकाने गेटपाशी सुरक्षित अंतरावर उभं राहून वाळू पडायला कधी लागते ते सांगायचं.

सगळ्यात जास्त घोटाळा जॉगिंगमध्ये होतो. मोठा फीड संपला की वजन जुळवायला गेट फट-फट करत दोन-चार वेळा जरा जरा उघडतं, आणि इनपुट थेट व्हॉल्व्हच्या वायरवरून घेतलेला असेल तर प्रत्येक फटक्याला ॲव्हरेज पुसून नव्याने सुरू होतं, हातात राहतो तो शेवटच्या मूठभर वाळूचा आकडा. यावर उपाय सोपा, पीएलसीतून वेगळा आउटपुट काढा जो फक्त मेन फीड चालू असतानाच ऑन राहील. पीएलसीने होल्डचा आकडा पुढच्या बॅचचं गेट उघडायच्या आत वाचून ठेवला पाहिजे, हेही प्रोग्रामवाल्याकडून बघून घ्या.

सेन्सरमध्ये ॲव्हरेजसाठी लो लिमिट असेल तर ती पण लावा, नाहीतर बिन रिकामा होत आला की समोर हवा येते आणि तो कोरडा आकडा ॲव्हरेजला खाली ओढतो, ऑपरेटरला वाटतं वाळू सुकी आहे, तो पाणी वाढवतो.

मिक्सरमधल्या सेन्सरला यातलं काही जसंच्या तसं लावू नका, तिथे पाती सेन्सरवरून फिरत राहतात, त्यामुळे 7.5 सेकंदाच्या आसपास स्मूदिंग आणि जोडीला स्ल्यू रेट फिल्टर (आकड्याच्या अचानक उड्या दाबणारा) लागतो.

पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या बॅचला आकडा एकदम वर दिसला तर लगेच सेटिंगला हात घालू नका, रात्रभर पाणी झिरपून बिनच्या तळाशी आलेलं असतं, सेन्सर खरंच सांगतोय, काही बॅचनंतर उतरतो.

टायमिंग बदललं की मग कॅलिब्रेशन तपासा, आधी नाही. मेन फीड चालू असताना पडत्या धारेतून सॅम्पलरने थोडी थोडी करून आठ-दहा वेळा वाळू घ्या, एकत्र करा, 500 ग्रॅम तोला, वाळवा. 472 ग्रॅम भरली तर 28 भागिले 472, म्हणजे 5.9 टक्के, आणि हे कोरड्या वजनावर, ओल्या वजनावर काढलं तर 5.6 येतं, तुमचं सॉफ्टवेअर कुठलं मागतंय ते बघून टाका. गेटचा सिलेंडर किंवा व्हॉल्व्ह बदलला तर स्टार्ट डिले परत बघायचा, नवे आकडे तारखेसकट पॅनलच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, म्हणजे नाइट शिफ्टवाला परत 15 सेकंद करून ठेवणार नाही.