द्विमान संख्येतील ‘११’ ही जोडी कशी मोजावी

सांगलीचा एसटीडी कोड ०२३३ आहे; पुढचे शून्य सोडून २३३ हीच संख्या उदाहरणाला घेऊ. तिला दोनने भागत जावे, प्रत्येक वेळची बाकी लिहून ठेवावी आणि भागाकार शून्य झाला की त्या बाक्या खालून वर वाचाव्यात, म्हणजे १११०१००१ हे द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांनी लिहिलेले, रूप मिळते. १२८, ६४, ३२, ८ आणि १ यांची बेरीज करून ताळा पाहावा.

लागोपाठच्या दोन एकांची जोडी यात किती वेळा येते, हे मोजण्याआधी सुरुवातीच्या तीन एकांपैकी मधला एक दोन्ही जोड्यांत धरायचा का, हे ठरवावे लागते. धरला तर उत्तर २, नाही तर १. तो धरणेच सोयीचे, कारण मग प्रत्येक जागेचा विचार स्वतंत्रपणे करता येतो: संख्येखाली तीच संख्या एक घर उजवीकडे सरकवून लिहावी, बाहेर पडणारा शेवटचा अंक सोडून द्यावा आणि वर-खाली दोन्हीकडे एक असलेले स्तंभ मोजावेत.

१११०१००१
०१११०१००

येथे दुसरा आणि तिसरा असे दोनच स्तंभ जुळतात. ‘००’ मोजताना मात्र डावीकडे शून्ये भरू नयेत. २३३ ही संख्या १६ घरांत लिहिली, तर एका जोडीच्या आठ होतात.

ठरावीक घरांत ‘११’ ही जोडी एकदाही न येणाऱ्या संख्या किती, हा प्रश्न अधिक रंजक आहे, आणि त्यासाठी पुढची शून्ये चालतात. शेवटी शून्य असेल, तर आधीची सर्व घरे नियम पाळून हवी तशी भरता येतात. शेवटी एक असेल, तर त्याआधी शून्य हवेच, म्हणून दोन घरे अडकतात. त्यामुळे प्रत्येक उत्तर मागच्या दोन उत्तरांच्या बेरजेइतके येते. एका घरापासून पुढे ती अशी: २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९, १४४, २३३. अकरा घरांसाठी, म्हणजे ० ते २०४७ या संख्यांमध्ये, उत्तर पुन्हा २३३. हा निव्वळ योगायोग. छंदांतील लघु-गुरूंच्या, म्हणजे आखूड-लांब अक्षरांच्या, मांडण्या मोजताना जैन पंडित हेमचंद्रांनी बाराव्या शतकात बेरजेचा हाच नियम दिला होता.

तीन एक लागोपाठ नकोत अशी अट असेल, तर शेवट ०, ०१ किंवा ०११ असा होतो, म्हणून मागची तीन उत्तरे मिळवावीत: २, ४, ७, १३, २४, ४४.